एक लांब, दोन आखूड

आमच्या यारंबा गावाचं नवं म्युझियम जुन्या लोण्याच्या कारखान्यात केलंय, आणि तिथं काहीही नुसतं बघता येत नाही. बटण दाबा, दांडा फिरवा, खण ओढा, नळीला कान लावा. मी जन्मभर लोकांच्या पोरांना ‘हात लावू नकोस’ म्हणून ओरडत आले, आणि आता पंचाहत्तरी उलटल्यावर टॅम्झिन नावाची काळ्या कपड्यांतली म्युझियमची बाई मलाच सांगते, “नोलीन, हात लावा ना, संकोच करू नका.” संकोच कसला आलाय? ज्या लोण्याच्या यंत्राचा दांडा ती मला फिरवायला सांगत होती, ते आमच्याच गोठ्यातलं होतं. लहानपणी त्यानं माझे दंड भरून यायचे.

जुनं यारंबा तळ्याखाली आहे. धरण झालं तेव्हा मी शाळेत होते. लाकडी घरं अख्खी उचलून लॉरीवर चढवली आणि वर टेकडीवर आणून ठेवली. आमचं घर आलं तेव्हा आई आत स्वयंपाकघरात बसून आली, कारण तिला कपबश्यांची काळजी होती. सगळा रस्ता ती खिडकीतून लोकांना हात करत होती.

म्युझियमच्या मधल्या दालनात जाड काचेची जमीन केलीय आणि तिच्याखाली जुन्या गावाची प्रतिकृती. आपण वर पाऊल ठेवलं की खालच्या त्या घरात दिवा लागतो. छान आहे. पण मला ते आवडलं नाही. आपण चालायचं आणि आपल्या पायाखाली शेजारच्या प्रॅटांच्या घरात उजेड व्हायचा, हे काही बरं वाटत नाही. आणि त्याच्या पलीकडची खोली म्हणजे टेलिफोनची.

आता तरण्या लोकांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. केटल क्रीकच्या रस्त्यावर आम्ही पाच घरं, आणि पाचांत मिळून टेलिफोनची तार एकच. भिंतीवर लाकडी पेटी, तिच्या अंगाला फिरवायचा दांडा. फोन कुणाचाही असो, पाचही घरांत वाजायचा. कुणाचा ते घंटीवरून ओळखायचं. आमची दोन लांब. प्रॅटांची तीन आखूड. गॅरिटींची एक लांब, दोन आखूड. दुसऱ्याच्या घंटीला ‘हॅलो’ म्हणायचं नाही, हा आमच्या रस्त्याचा धर्म. आणि गुपचूप रिसीव्हर उचलून ऐकायचं, हाही धर्मच. सगळे ऐकायचे, सगळ्यांना ते ठाऊक असायचं, आणि रविवारी चर्चच्या दारात सगळे एकमेकांना ‘काय मग, काही नवीन?’ असं साळसूदपणे विचारायचे.

गोची एकच होती. जितके रिसीव्हर उचलले जायचे, तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत जायचा. पेटीतल्या बॅटरीत जीव तो केवढा! पाचही घरं तारेवर आली की काहीच ऐकू यायचं नाही, नुसती एकमेकांची स्वयंपाकघरं ऐकू यायची. डोरिस प्रॅटचा काकाकुवा, ग्लीसनांचं टोले देणारं घड्याळ, म्हाताऱ्या मॅकफीचा दमा. आणि माझी आई, एडना टिबेट, ऐकता ऐकता मध्येच जिभेनं ‘च्च’ करायची. आपण असं करतो हे तिला मरेपर्यंत कळलं नाही.

पण लोकांना तारेवरून हुसकावण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमची घंटी असली आणि आवाज बसायला लागला की ती ओरडायची, “डोरिस, तुझे ओव्हनमधले स्कोन जळताहेत, वास इथवर येतोय! मॅकफी, दुसऱ्याचं ऐकायचं तर तोंड बाजूला करून श्वास घ्यावा माणसानं! ग्लीसन, तुमचं घड्याळ मागे आहे, ते आधी लावा!” मग खट्, खट्, खट्, असे रिसीव्हर खाली पडायचे. लाज वाटून लोक ठेवायचे. मला लहानपणी हे फार आवडायचं.

फक्त एका दिवशी ती ओरडली नाही.

त्या दिवसाचं सांगायचं तर मर्लचं सांगायला हवं. मर्ल गॅरिटी माझ्या वर्गातली, माझी जन्माची मैत्रीण. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं, पण इथं तिला अजून सगळे मर्ल गॅरिटीच म्हणतात. तिचा थोरला भाऊ क्लेम. घरं वर आली, टेलिफोनची तारही वर आणली, पण खालची तार अजून कापलेली नव्हती. गॅरिटींचं दगडी घर उचलता येण्यासारखं नव्हतं, ते खालीच राहिलं आणि भिंतीवर जुनी पेटीही राहिली. त्यांचा कुत्रा सारखा त्या घराकडे पळायचा. एके दिवशी दुपारी क्लेम त्याला आणायला खाली गेला. वर डोंगरात पाऊस झाला होता, आणि धरणाचं पाणी सांगितलं होतं त्याच्या आधी आलं.

टेकडीवर फोन वाजला. एक लांब, दोन आखूड. मर्लनं उचलला. आणि क्लेम खाली आहे हे साऱ्या रस्त्याला ठाऊक असल्यामुळे साऱ्या रस्त्यानं उचलला. मर्लला ऐकू आलं ते एवढंच: “मर्ल, आईला सांग...” पुढचं आवाजाबरोबर बुडालं. ती ‘ठेवा, ठेवा’ म्हणून किंचाळली, ते मी आईच्या शेजारी उभी राहून तिच्या रिसीव्हरमधून ऐकलं. आई पुतळ्यासारखी उभी होती. क्लेमच्या काळजीनंच उभी होती बिचारी. ओरडायचं तेव्हा तिला सुचलंच नाही. नंतर तार गेली. कुत्रा संध्याकाळी आपला आपण वर आला. क्लेम सापडलाच नाही.

रस्त्यावर त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. आईनं त्यानंतर कुणाच्या स्कोनची थट्टा केली नाही.

गॅरिटींच्या आईनं त्या रात्री क्लेमचं जेवण ताटलीत वाढून, वर दुसरी ताटली पालथी घालून ओव्हनमध्ये ठेवलं. उशिरा येणाऱ्यासाठी इथं सगळीच घरं ठेवतात तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. ती होती तोवर रोज ठेवत गेली, आणि ती गेल्यावर मर्ल ठेवायला लागली. नवऱ्यानं समजावलं, थकला, मग तोही गेला. मर्ल म्हणायची, “आईला काय सांगायचं होतं ते मला कळलं नाही ना. मग मी बंद कसं करू?” या हिवाळ्यात तिनं ओव्हन चालूच ठेवला आणि झोपली. पडद्यानं पेट घेतला. रॉन प्रॅटनं धूर पाहिला म्हणून वाचली. मुलगी ग्लेनिस म्हणाली, आता पुरे, रविवारी येऊन कॅनबेराला नेते. मर्ल म्हणाली, मी येणार नाही, माझ्यामागे ताटली कोण ठेवेल? ग्लेनिसनं मला फोन करून रडून सांगितलं, “मावशी, तुम्ही तिला तयार करा हो. पुढच्या वेळी रॉनकाका जागे नसतील.”

मी काय तयार करणार? पण म्युझियम उघडायच्या आधी आम्हा जुन्या लोकांना बोलावलं होतं, तर म्हटलं, चल, तेवढंच बाहेर पडणं होईल.

गुरुवारी सकाळी आम्ही गेलो. मर्ल, मी, डोरिसचा रॉन, आणि जॉइस ग्लीसन. जॉइसला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं जे ऐकू येतं त्यावर तिचा विश्वास नसतो. टॅम्झिननं चहा आणि खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक ठेवले होते. रॉननं आल्या आल्या दोन उचलले.

“अरे, आधी बघ तरी काहीतरी,” मी म्हटलं.

“बघतोय की. हे मी खोबरं बघतोय.”

टेलिफोनच्या खोलीत पाच पेट्या पाच भिंतींवर लावल्या होत्या. खोलीच पाच कोनांची केलेली. एका पेटीचा दांडा फिरवला की दुसरीवर तिची घंटी वाजते, उचललं की त्या घरातल्या कुणाचा तरी रेकॉर्ड केलेला आवाज. मॅकफीचं मागे कुणी नाही म्हणून त्याची गोष्ट पाद्रीबाईंनी सांगितली होती. आमच्या पेटीत मी. ऐकलं तर माझ्याच अंगावर काटा आला. हुबेहूब आई बोलत होती.

“नोलीन, तू अशी बोलतेस?” जॉइस म्हणाली. “मला वाटलं एडनाबाई उठून आल्या.”

“तुला ऐकू येतं तर!”

“वाईट तेवढं येतं.”

गॅरिटींची पेटी मात्र मुकी होती. मर्लनं रेकॉर्डिंगला साफ नाही सांगितलं होतं. तेव्हा टॅम्झिननं नुसती रिकामी पेटी टांगली, आत ना तार ना काही, खाली एक पाटी. मर्ल त्या पेटीपुढे उभी राहिली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

“दांडा बारका आहे,” ती म्हणाली. “आमचा एवढा बारका नव्हता.”

“चल, पुढं कातरखाना आहे. मेंढीची लोकर कातरायचं बटण आहे म्हणे,” मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

पाचही पेट्यांवर एकदम. एक लांब, दोन आखूड.

रॉनच्या हातातला लॅमिंग्टन तसाच राहिला. टॅम्झिन दारातून आत आली, हसत होती, मग हसायची थांबली. “ही घंटी आपण घातलेलीच नाही,” ती म्हणाली. “कुणी काय दाबलं?”

कुणीच काही दाबलं नव्हतं. सगळे मर्लच्या मागे उभे होतो. पुन्हा वाजला. एक लांब, दोन आखूड. रिकाम्या पेटीवरच्या घंटीच्या दोन्ही वाट्या थरथरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या.

मर्लनं पर्स खाली ठेवली, कानावरचे केस मागे सारले आणि रिसीव्हर उचलला.

आता ऐका. शहाणी माणसं असती तर पळाली असती. आम्ही केटल क्रीकचे. रॉन आपल्या पेटीशी गेला आणि त्यानं उचलला. जॉइसनं उचलला, आणि बऱ्या कानाला लावला. माझाही हात गेला, खोटं कशाला बोलू. साठ वर्षांनी घंटी वाजली दुसऱ्याची, आणि आमचे हात आपोआप वर. रिसीव्हर गार होता आणि त्याला गाळाचा वास येत होता, तळ्याचं पाणी आटलं की काठाला येतो तो.

“मर्ल?” एक मुलगा म्हणाला. तरुण, घाईतला. “मर्ल, तूच ना? ऐक. आईला सांग...”

आणि आवाज बसायला लागला. डोळ्यांदेखत कुणी पाण्यात जावं तसा तो गेला. शब्द चालू होते, पण शब्द कळत नव्हते.

“ठेवा!” मर्ल ओरडली. “ठेवा सगळे! मेल्यांनो, परत नका रे करू, परत नका करू!”

आम्ही ठेवले. हात भाजल्यासारखे ठेवले. रॉननं तर दोन्ही हात खिशात घातले.

“आता?” मी विचारलं. “आता येतंय ऐकू?”

मर्लनं मान हलवली. “बोलतोय. पण कळत नाहीये. नोलीन, अजून कुणीतरी ऐकतंय.”

“कोण? बघ ना, चारही रिसीव्हर खाली आहेत.”

“तूच ऐक,” ती म्हणाली, आणि रिसीव्हर जरा तिरका धरला. मी तिच्या गालाला गाल लावला. तिचा गाल ओला होता.

क्लेमचा आवाज होता, फार लांब. त्याच्या मागे पिंपात डोकं घातल्यावर घुमतं तसं घुमत होतं. आणि त्याच्या पुढे, अगदी जवळ, घड्याळ चालू होतं. टिक टिक करत टोल्यापाशी आलं आणि वाजायला लागलं. मग एक घरघर, वर खाली, वर खाली. आणि एक पक्षी, भसाड्या आवाजात: “डोरिस! केटली! डोरिस!”

रॉनला ते चार पावलांवरून ऐकू गेलं. “तो आमचा पीटर,” तो म्हणाला. “आईचा पीटर. मी पुरलाय त्याला.”

जुना रस्ता खालून ऐकत होता. ज्या घरांवरून आम्ही मघाशी चालत आलो आणि दिवे लावले, त्या घरांत त्यांनी फोन उचलले होते. क्लेम गॅरिटी खाली आहे, पाणी वाढतंय, घंटी वाजली म्हणून कान लावून उभे होते बिचारे, त्या दुपारी होते तसेच. त्यांना कुणी ठेवा म्हणून सांगितलंच नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून जास्त संताप आला. “दे इकडे,” मी म्हटलं, आणि मर्लच्या हातातून रिसीव्हर घेतला.

“मॅकफी!” मी ओरडले, आणि आवाज आईचा निघाला. “दुसऱ्याचं ऐकायचं तर तोंड बाजूला करून श्वास घ्यावा माणसानं! ठेव खाली!”

घरघर थांबली. खट्.

टॅम्झिन भिंतीला टेकली होती.

“ग्लीसन! तुमचं घड्याळ...”

“थांब,” जॉइस म्हणाली. ती माझ्याजवळ आली होती. “बाबांना सांग, घड्याळ अजून चालतंय म्हणावं. माझ्याकडे आहे, दिवाणखान्यात. रोज किल्ली देते.”

मी सांगितलं. बराच वेळ नुसती टिकटिक. मग अगदी हळू, खट्. जॉइसनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

“डोरिस प्रॅट!”

“नको,” रॉन म्हणाला. त्यानं माझा दंड धरला. एवढा धिप्पाड गडी, ऐंशीला टेकलेला, आणि पोरासारखा विनवत होता. “नोलीन, थोडं थांब ना. आई आहे ती. मी एकदा बोलतो. एकच शब्द.”

मर्ल त्याच्याकडे बघत होती. रॉननं तिच्याकडे पाहिलं, माझा दंड सोडला, आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“डोरिस, तुझे स्कोन जळताहेत,” मी म्हटलं. ओरडणं जमलं नाही. “वास इथवर येतोय गं.”

काकाकुवा मध्येच तुटला. खट्.

मी रिसीव्हर मर्लला दिला. तिनं लावला, डोळे मिटून ऐकलं. “जवळ आलाय,” ती म्हणाली. “पण अजून... नोलीन, अजून एक जण आहे.”

मला ठाऊक होतं. चार घरांत एक राहिलं होतं ते आमचं. मी रिसीव्हर कानाला लावला. क्लेमचे शब्द आता जवळजवळ कळत होते, काचेपलीकडून बोलावं तसे. आणि मध्येच, माझ्या कानात, इतक्या जवळून की केस हलावेत:

“च्च.”

तीस वर्षं झाली तिला जाऊन. हॉस्पिटलात मी पोचेपर्यंत ती गेली होती. किती काय बोलायचं राहिलं होतं. तिच्या कपबश्यांतल्या चार अजून शाबूत आहेत, हे सांगायचं होतं. मी तिला उगाच तोडून बोलायची, त्याचं वाईट वाटतं, हे सांगायचं होतं. मी बोलायला लागले असते तर ती बोलली असती. अशी बाई नव्हती ती, की विचारल्यावर गप्प राहील. तेवढ्यात क्लेम बुडाला असता.

“च्च,” आई म्हणाली.

“आई,” मी म्हटलं. “मी नोलीन. ही घंटी मर्लची आहे. तू ठेव आता.”

काही नाही. तिचा श्वास. मागे आमच्या जुन्या चुलीवर केटली गुणगुणत होती, ती मला ओळखू आली.

“आई, ठेव गं. तू उभी आहेस म्हणून त्याला बोलता येत नाहीये.”

श्वास थांबला. आई रिसीव्हर कधी आपटायची नाही. ऐकलेलं कुणाला कळू नये म्हणून हलकेच ठेवायची, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. तसाच ठेवला. आवाज झाला नाही, नुसती केटली बंद झाली.

मी रिसीव्हर मर्लच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ केली. आम्ही सगळ्यांनीच पाठ केली, रॉन, जॉइस, मी. आम्ही केटल क्रीकचे लोक जन्मात पहिल्यांदा न ऐकता उभे राहिलो. टॅम्झिननंही आमच्याकडे पाहून पाठ केली.

मर्ल म्हणाली, “हो. ऐकतेय. बोल.”

आम्ही भिंतीकडे बघत राहिलो.

मग म्हणाली, “सांगते. हो रे, सांगते आईला. ठेवू?” आणि ठेवला.

टॅम्झिननं नंतर पेटी भिंतीवरून काढून मागून दाखवली. रिकामी होती. तळाशी थोडा ओला गाळ होता. तिनं तो रुमालानं पुसला आणि आम्हाला हिशेब विचारला नाही, शहाणी निघाली. रॉननं कुणाशी न बोलता गाडी काढली. मर्ल काय ऐकलं ते बोलली नाही, आणि आम्ही विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं असं नाही.

मी तिला घरी सोडलं. दुपार कलली होती. तिनं कोट काढला, केटली ठेवली, मग ओव्हन उघडून कालची ताटली बाहेर काढली. सकाळी टाकून द्यायची ती आज राहून गेली होती. वरची ताटली काढली. मेंढीच्या मांसाचा तुकडा, कुसकरलेला बटाटा, भोपळा, मटार. सगळं कडेनं वाळून चामडं झालेलं. तिनं ते पुन्हा गरम केलं, मीठ-मिरी टाकली, काटा-सुरी मांडली आणि ताटली माझ्यापुढे ठेवली.

“बस. जेव.”

“मर्ल, हे क्लेमचं...”

“जेव म्हणते ना.” ती माझ्यासमोर बसली. हात टेबलावर पालथे ठेवले. “त्याला कुत्रा सापडला नव्हता. पाणी पायरीला लागलं होतं, पण तो म्हणत होता, मी पुलावरून लांबच्या वाटेनं येतो. घाबरलेला नव्हता गं. मुळीच नव्हता. म्हणाला, आईला सांग, मला उशीर होईल. माझ्यासाठी जेवायला थांबू नका.”

मी काटा हातात घेतला.

“थांबू नका म्हणाला,” मर्ल म्हणाली. “आणि आम्ही जन्मभर...” ती रडली, मोठ्यानं, लहान मुलीसारखी. मीही रडले आणि रडत रडत जेवले. मटाराचा दाणाही ठेवला नाही. तिनं ताटली घेतली, घासली, फडताळात बाकीच्यांबरोबर ठेवली. मग भिंतीवरचं ओव्हनचं बटण बंद केलं आणि म्हणाली, “ग्लेनिसला कळव, निळी बॅग आण म्हणावं, माझी फाटलीय.”

मी घरी आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. माझ्याकडे अजून घरचा फोन आहे, नातवंडं हसतात. मी ग्लेनिसला निळ्या बॅगेचं सांगितलं. तिनं फोन ठेवला, तरी मी कानाला धरून तशीच उभी राहिले. नुसता तो तारेचा एकसुरी सूर.

आईला त्या दुपारी काही ऐकू आलं नव्हतं. आपल्यामुळे कुणालाच ऐकू आलं नाही, एवढंच घेऊन ती गेली.

“आई,” मी म्हटलं, “तो फक्त जेवायला थांबू नका म्हणत होता.”

सूर किंचित बारीक झाला, कुठंतरी कुणी रिसीव्हर उचलल्यावर होतो तेवढाच. मी वाट पाहिली. मग मी फोन हलकेच ठेवला.